मध्यंतराची फेरी

तुम्ही खोटं लिहिलंत. फुटबॉल लीगच्या समितीने, शिक्का मारून: 'मध्यंतरात समर्थकांच्या दोन गटांत धक्काबुक्की झाली.' म्हणून मैदानाच्या वाटेवर आडवा कठडा घातलात, आणि ज्याने त्याने सामनाभर आपल्याच टोकाला उभं राहायचं.

आमच्या क्लबाच्या सामन्याला चाळीस माणसं येतात, त्यातली सहा नुसती रेफ्रीवर तोंडसुख घ्यायला. आपली टीम ज्या गोलवर चाल करते, त्यामागे आम्ही उभे राहतो. मध्यंतरात टीम बाजू बदलते, तशी आम्हीही. समोरून पाहुणे येतात. बाकांमागच्या चिंचोळ्या वाटेवर गाठ पडते.

"काय, निघालात घरी?"

"छे, तुमच्या गोलकीपरला उठवायला."

एवढीच काय ती आमची दुश्मनी.

माझ्या सासऱ्यांचं, मामंजींचं, या फेरीवाचून चालत नाही. जन्मभर वेल्डिंग केलं, आता वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. गोलच्या मागे उभे असले तरच जाळी हललेली कळते. बाकीचा खेळ मी कानात सांगते आणि वर बोलणी खाते.

"सूनबाई, ऑफसाइड होता का?"

"नव्हता, मामंजी."

"तुला काय कळतंय. न्हाव्याला विचार."

आमच्याच चाळिसांतला हा न्हावी, क्लबाचा पक्का. गोल त्यांचा असला की ऑफसाइड, आपला असला की सोन्यासारखा.

त्या दिवशी धुकं होतं. "वाट पाठ आहे मला," म्हणत मामंजींनी माझा हात सोडला आणि थेट पाहुण्यांच्या ड्रमवाल्यावर जाऊन आदळले. दोघंही चिखलात. उचलायला दोन्हीकडचे पंधराएक जण धावले. तुमचे निरीक्षक चहाच्या खिडकीशी उभे. त्यांना तेवढ्या लांबून मारामारी दिसली. इकडे ड्रमवाला मामंजींचा कोट पुसत होता.

"आजोबा, डोक्याला लागलं का?"

"डोकं लोखंडाचं आहे रे. तुझा ड्रम फुटला का बघ."

कठडा बसल्यावरच्या पहिल्याच सामन्यात आम्ही उत्तरार्धात दोन गोल केले, दोन्ही पलीकडच्या टोकाला. मी ओरडून सांगितलं. मामंजी म्हणाले, "झाला का? बरं झालं." दुसऱ्यालाही तेच. घरी येऊन त्यांनी बूट पुसले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर टाकायला माझ्या हातात दिले.

"माझ्या पायी सगळ्यांची फेरी बंद झाली. या शनिवारी तू जा. मी रेडिओवर ऐकेन."

आमचा सामना कुठल्याच रेडिओवर लागत नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

ड्रमवाल्याने स्वतः तुम्हाला लिहून दिलंय: मला कुणी मारलं नाही, एक आजोबा धडकले. खाली दोन्हीकडच्या सह्या आहेत, न्हाव्याची तर दोनदा. तीन आठवडे झाले, तुमच्याकडून चकार शब्द नाही.

शनिवारच्या आत लेखी कळवा: कुणी कुणाला मारलं? मारणाऱ्याचं नाव द्या. नाहीतर कठडा कधी काढताय, तो दिवस सांगा.