अंगठा बायकोचा, फोन नवऱ्याचा

सकाळी सव्वादहा वाजता पोलीस ठाण्यात लादीवाल्याच्या बायकोने नवऱ्याच्या फोनवर अंगठा टेकवला आणि फोन उघडला.

सिमेंट कालवून लादीवाल्याच्या बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. फोन त्याला ओळखतच नसे. दरवेळी आकडे दाबायचा कंटाळा, म्हणून त्यानं बायकोचाच अंगठा त्यात भरून घेतला होता. "आता मालकीणबाई तू," म्हणायचा.

बांधकामावरची परांची कोसळून एक मजूर गेला, त्यावरून कामगारांनी मुकादमाच्या कचेरीवर दगडफेक केली. संशयावरून लादीवाल्याला धरलं. आकडे सांगायला त्यानं साफ नकार दिला. त्याची बोटं टेकवून पाहिली, उपयोग शून्य. तेव्हा फौजदाराने बायकोला बोलावलं.

"वहिनी, तुमचा माणूस निर्दोष असेल तर फोनच सांगेल."

"नाही म्हटलं तर चालेल का?"

"चालेल की. मग तो बसेल इथंच."

नवऱ्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तो कुत्र्यालाही हाड म्हणत नसे. तिनं अंगठा ठेवला.

फोनमधल्या दगडफेकीच्या चित्रफितीत लादीवाला कुठेच नव्हता, नुसता त्याचा आवाज होता: "बारक्या, ठेव तो दगड खाली. ताईला काय तोंड दाखवू मी?" आणि समोर, हात उगारलेला, तिचा धाकटा भाऊ. आईमागे तिनंच वाढवलेला.

दुपारी नवरा सुटला. संध्याकाळी बारक्याला नेलं.

"मला एका शब्दाने सांगायचं तरी," ती म्हणाली.

"तुला? तुझ्या पोटात काही राहतं का? चेहऱ्यावरच सगळं छापून येतं." तो हसवायला गेला, पण ती हसली नाही.

बारक्याच्या वकिलाने तिला दोनदा विचारलं, "हात धरून अंगठा लावला का कुणी? जबरदस्ती असेल तर मला भांडता येईल."

"हात नाही धरला."

"मग तुम्ही राजीखुशीनं दिलात?"

"खुशी कसली, साहेब. पण दिला मीच."

फौजदार काय बोलला ते वकिलाने तिच्याकडून शब्दाशब्दाने ऐकून घेतलं आणि बघतो म्हणाला.

सुनावणी शुक्रवारी आहे. फोन अजून ठाण्यातच आहे. आज भेटीच्या वेळी बारक्या लादीवाल्याशी बोलला. ताई बाहेर उभी आहे असं लादीवाल्यानं सांगितल्यावर, तिला आत पाठवू नका म्हणाला.