बाजूला हो

बसा, खुर्ची ओढून घ्या अशी जवळ. एक गोष्ट सांगतो. फोटोची आहे, पण दाखवायला फोटो एकही नाही, म्हणून तोंडानेच सांगावी लागते.

वर डोंगरात ते तळं आहे ना, ज्याच्या भोवतीचा रस्ता फिरून फिरून परत जिथल्या तिथे येतो, त्याच्या खालच्या गावात एक फोटोवाला राहतो. उंच, किडकिडीत, चालायला लागला की एकेक सांधा वेगळा निघाल्यासारखा. कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडवरून गाव त्याला तिपाई म्हणतं. पुढे पासपोर्ट फोटोचं दुकान, मागे दोन खोल्यांत घर. पण जीव सगळा त्या तळ्यावर. कॅलेंडरवाले, हॉटेलवाले त्याच्याकडूनच तळं न्यायचे. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तुम्ही भिंतीवरच्या ज्या तळ्याकडे बघत बसता ना, ते बहुतेक तिपाईचंच.

आता गंमत ऐका. फोटो तो काढायचा, पण जागा शोधायची त्याची बायको. रस्ता असा वाकडातिकडा, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला पाणी, की चालवणाऱ्याने देखावा बघायचं म्हटलं तर गाडीसकट देखाव्यातच जायचा. म्हणून ती शेजारी बसायची. अंगात निळा स्वेटर, त्याच्या कोपराला तिनेच लावलेलं लाल ठिगळ, मांडीवर चहाचा थर्मास. बोलता बोलता मधेच गप्प व्हायची आणि म्हणायची, "अहो, थांबा." की याने ब्रेक दाबायचा. का म्हणून कधी विचारलं नाही. उतरून बघावं तर समोर तळं असं पसरलेलं, की बघणाऱ्याची वाचा बसावी.

मग तिपाई कॅमेरा लावायचा आणि तिला समोर उभं करायचा. माणूस उभा केला की उजेड किती, अंतर किती, ते नीट धरता येतं, ही त्याची पद्धत. डोळा बारीक करून इकडे फिरव, तिकडे फिरव, सगळं मनासारखं जमलं की हात झाडून म्हणायचा, "बाजूला हो." ती बाजूला व्हायची, आणि मग खटका दाबला जायचा. तळ्याच्या फोटोत माणूस कॅलेंडरवाल्याला चालत नाही, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलं. तिचंही काही म्हणणं नव्हतं. शेजारणी चिडवायच्या, तर म्हणायची, "मी यांची फूटपट्टी. मोजून झालं की ठेवली कोपऱ्यात." आणि स्वतःच हसायची.

तर ती फूटपट्टी गेल्या थंडीत गेली. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला, आणि घर रिकामं झालं.

लेक आली होती दूरच्या शहरातून. चार माणसं भेटून गेली, घर शांत झालं, तशी ती बापाला म्हणाली, आईचा एक चांगला फोटो दे, सोबत न्यायला. फोटोवाल्याच्या घरात फोटो मागितला, त्यात काय एवढं? तिपाईने खोकी काढली, कपाट उपसलं, कॉम्प्युटर धुंडाळला. सगळीकडे तळं. धुक्यातलं तळं, उन्हातलं तळं, गोठलेलं तळं. आई कुठेच नाही. लग्नातला एक होता, पण त्यातली लाजरी पोर लेकीला आई वाटेना. ओळखपत्रावरचा होता, त्यात डोळे मिटलेले. लेकीच्या मोबाइलमध्येही नाही. कारण काय, तर कोणी मोबाइल वर धरला की आई आपोआप बाजूला व्हायची. तसं वळणच पडलं होतं तिला.

हे लेक बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो. तिपाई खोकी परत भरत राहिला.

सकाळी म्हणाला, वर जाऊन येऊ. जिथे जिथे थांबायचो तिथे एखादा टपरीवाला असेलच, कुणी तरी काढला असेल तिचा एखादा. दोघं निघाली. लेक शेजारी बसली, आईच्या जागेवर. तिपाई चालवतोय, चालवतोय, वळणामागून वळण जातंय, गाडी काही थांबेना. तळ्याला अख्खा फेरा घालून गाडी होती तिथे परत आली, तेव्हा लेकीने विचारलं, "बाबा, थांबायचं होतं ना?"

तिपाईने इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात तसेच.

"कुठे थांबायचं ते मला माहीत नाही गं," तो म्हणाला. "ती सांगायची."

उभा जन्म त्या रस्त्यावर गेला, पण नजर कायम पुढच्या वळणावर. खुणा सगळ्या तिच्याकडे, आणि त्या ती घेऊन गेलेली.

लेकीने डोळे पुसले आणि म्हणाली, चल, परत फिरू, मी बघते. दुसऱ्या फेऱ्यात एका ठिकाणी ती बोलता बोलता गप्प झाली, आणि म्हणाली, "बाबा, थांब." अहो, कानाआधी त्याच्या पायाने ऐकलं.

दोघं खाली उतरली. कठड्याच्या पलीकडे पाण्यात घुसलेला काळा खडक, मागे डोंगराची रांग. टपरी नव्हती, पण फिरायला आलेलं एक कुटुंब फोटो काढत होतं. तिपाईने सवयीने कॅमेरा लावला, लेकीला उभं केलं, उजेड धरला, आणि तोंडातून निघून गेलं, "बाजूला हो."

लेक झाली बाजूला. तशी मागून त्या कुटुंबातली बाई हसत म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या फोटोत आलात."

लेक तिथेच उभी राहिली. मग बापाकडे वळून हळूच म्हणाली, "बाबा, आई पण अशीच कुणाच्या तरी फोटोत गेली असेल."

तिपाई कॅमेरा तसाच सोडून त्या लोकांकडे गेला. विचारलं, याआधी कधी आला होतात का इथे, मागच्या काही वर्षांत? ते पहिल्यांदाच आले होते.

लेक गेली परत, रिकाम्या हाताने. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तिपाई वर जातो. कॅमेरा घरी असतो. गाडी लावतो आणि येईल त्याला विचारतो. काही लोक ऐकून घेतात, काही पोराबाळांना जवळ ओढतात. अजून कुणाकडे सापडलेली नाही.

म्हणून तुम्हाला इतका वेळ बसवून घेतलं. तुम्ही कधी त्या तळ्यावर गेला असाल, तर घरी गेल्यावर जुने फोटो जरा काढा. स्वतःकडे बघू नका, तळ्याकडेही नको. कडेला बघा, अगदी कोपऱ्यात. निळ्या स्वेटरची, कोपराला लाल ठिगळ, हातात थर्मास घेतलेली बाई दिसली, तर तेवढा फोटो पाठवून द्या हो त्याला. अर्धी असली तरी चालेल.