बारीक दारू

आल्यागेल्याला पाणी विचारायचं सोडून आमचा हेमकांत ओट्यावर बसतो आणि बापाची चूक सांगतो. आबांनी बंदुकीत दारू जास्त भरली, म्हणून नळी फुटली. आबा गेल्यापासून नऊ दिवस हेच. सांगताना डोळेही पुसतो. पोटचा आहे म्हणून ऐकून घेतलं.

मी दुसरी शिकलेली. पण ठासणीची बंदूक कशी भरतात ते मला विचारा. आमच्या मालकांकडे, हेमकांतच्या आबांकडे, पीक राखायचा परवाना होता. हरभऱ्यात हरणं उतरली की त्यांच्या डोक्यावरून एक बार काढायचा, बस. दारू जाड, दाणेदार. बांबूच्या कांडीचं एक माप, वर चिंधी, चिमूटभर छर्रे. चाळीस वर्षांत एक हरीण पाडलं नाही त्यांनी. भीती घालायची, जीव घ्यायचा नाही, म्हणायचे. गेल्या वर्षी हात कापायला लागले तेव्हा भरायचं काम हेमकांतला शिकवलं. बारीक दारू भडक असते, तिला हे माप चालत नाही, हे माझ्यासमोर दोनदा सांगितलं.

जुनी दारू संपली. हेमकांतने कुठून तरी आणली ती काजळासारखी बारीक. तीच कांडी त्याने काठोकाठ भरली, आणि छर्र्यांच्या जागी मासेमारीच्या जाळ्याचं शिसं वितळवून केलेली गोळी ठासली. मी शेजारीच तूर पाखडत होते. आबांना सांगितलंस का, विचारलं. एक हरीण आडवं झालं की बाकीची फिरकणार नाहीत, आबांना काय कळतं, म्हणाला. आणि मी, जिच्या तोंडाला गाव भितं ती मी, सूप हलवत राहिले.

संध्याकाळचा तो आवाज रोजचा नव्हता. मी बांधावर पोचले तेव्हा ते मातीत बसलेले होते, आणि उजवा हात हात राहिला नव्हता. शहाद्याच्या दवाखान्याच्या वाटेवर गाडीत त्यांनी विचारलं, "पोरानं माप बरोबर भरलं होतं ना?"

"बरोबर भरलं होतं," मी म्हटलं.

"मग नळीच म्हातारी झाली असेल," म्हणाले, आणि कुणावर राग न धरता गेले. पोलिसांपुढेही मी तोंड उघडलं नाही.

आज गंधमुक्ती, सुतक फिटायचा दिवस. माझा भाऊ बन्सीलाल पगडी घेऊन आला. थोरल्या लेकाच्या डोक्यावर ती बांधली की घर त्याचं. अंगण माणसांनी भरलेलं. पाटावर बसल्या बसल्याही हेमकांत शेजारच्या म्हाताऱ्याला तेच सांगत होता, आबांनी दारू जास्त भरली. मी उठले. भावाच्या हातातून पगडी काढून घेतली. माझी लेक मयूरी दाराशी रडत उभी होती, तिला जवळ बोलावलं.

"तुन्हा बाप चुकना नही, हेमकांत. बंदूक तू भरी. ती चूक मी पदरमा लिधी, तुन्हा बापले मरता मरता खोटं सांगं तुन्हासाठे. पण मरेल माणूसवर तू आळ लिधा, तो मी पोटमा घालाव नही. पगडी मयूरीले बांधाई."