भट्टीतली नागली

लेक मनवा झोळीत झोपली की माझा खरा दिवस सुरू होतो. खाली द्वारका चौकातले हॉर्न चालूच असतात, पण त्यांची तिला सवय झालीय. घरात चमचा पडला तर मात्र डोळे टक्क उघडे. म्हणून मी चोरपावलांनी बाल्कनीत जाते, जाळीच्या दाराला वरची कडी घालते आणि भट्टीचं बटण दाबते.

भट्टी म्हणजे मिठाईच्या दोन खोक्यांएवढी विजेची पेटी. ती तापेपर्यंत मी तांब्याच्या चकत्या घासून लखलखीत करते आणि बारीक चाळणीनं त्यांवर काचेची रंगीत पूड चाळते. आत काच वितळते आणि तांब्याला घट्ट धरून बसते. हे मीनाकाम मी लग्नाआधी शिकले. मनवा रांगायला लागल्यावर भट्टी माळ्यावरून खाली काढली, तेव्हा माझा नवरा दिनेश हसून म्हणाला होता, "एक रडणारी होतीच, आता ही तापणारी."

यावेळचं काम घरचंच होतं. माझी नणंद वेदिका हिचा साखरपुडा रविवारी, मुलगा मालेगावचा. साडी तिनं घेतली होती कांद्याच्या सालीच्या रंगाची. "आपण नामपूरची कांदा पिकवणारी माणसं वहिनी, लाजायचं कशाला? पेंडंट आणि कानातले याच रंगात हवेत, आणि तूच करायचेस."

सासूबाईंना ते पटलं नव्हतं. नामपूरहून येतानाच त्यांनी वन ग्रॅमचा सेट आणला होता, लाल मखमलीच्या डबीत. "कार्यात तांबं घालतं का कुणी? तांब्याचा हंडा असतो. आणि साखरपुडा झाला की भट्टी काढून बाल्कनीत वॉशिंग मशीन येऊ दे. बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नाय."

मला माझं काम येतं. पण तो रंग काही येत नव्हता. गुलाबी यायचा, पण प्लास्टिकच्या मगासारखा, सपाट. कांद्याच्या सालीत जी धग असते, ती त्यात नव्हती.

शुक्रवारी दुपारी मनवाची खीर करायला मी वाटीत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, सत्त्व काढलं आणि तेवढ्यात आठवलं की भट्टी तापलीय. तशीच वाटी घेऊन बाल्कनीत गेले. ती रंगाच्या वाटीशेजारी ठेवली. दोन्ही वाट्या स्टीलच्या, दोन्हींतली पूड फिकट गुलबट. पेंडंटवर एक हात चाळते न चाळते तोच मनवा रडली. आत जाऊन थोपटलं, वेदिकानं तिला खांद्यावर घेतलं, मी परत आले. पहिला थर फारच पातळ वाटला म्हणून वरून नीट रंग चाळला आणि पेंडंट आत सरकवलं.

थोड्या वेळानं आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली, "स्नेहल, भाकरी कुठं करपतेय गं?"

"आई, गॅस बंद आहे!"

"मग काय भट्टीत टाकली?"

मी वाट्यांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पहिला हात सत्त्वाचा होता.

पेंडंट बाहेर काढलं तेव्हा ते निखाऱ्यासारखं लाल होतं. निवता निवता त्याचा रंग वर आला. सत्त्वाचे कण जळून गेले होते आणि जिथे ते होते तिथे बारीक खड्डे पडले होते. प्रत्येक खड्ड्यातून तांबं डोकावत होतं, भोवती तपकिरी कडा.

वेदिका मनवाला घेऊन जाळीपलीकडे उभी होती. ती आत गेली, टोपलीतला कांदा आणला आणि त्याची साल पेंडंटशेजारी धरली. "वहिनी, हाच! हाच रंग!"

"हा?" सासूबाई चष्मा वर करत म्हणाल्या. "हे तर देवीचे व्रण आल्यासारखं दिसतंय. वेदे, मालेगावकर काय म्हणतील?"

"म्हणतील, सून दिसायला बरी आहे."

"जीभ बघा हिची!"

मलाही ते आवडलं होतं. पण मी ते वेदिकाला दिलं नाही. खड्ड्यांत उघडं तांबं होतं. घाम लागला की गळ्यावर हिरवा डाग पडला असता. नशिबानं झालेलं घालायला द्यायचं नव्हतं, मला ते करता यायला हवं होतं. उरलेलं सत्त्व केरात टाकलं. जी वाटी बाल्कनीत आली, ती परत स्वयंपाकघरात जात नाही. काच आणि मनवाचं तोंड यांच्यात मला एक भिंत हवी असते.

संध्याकाळी दिनेश मनवाला खाली फिरवायला घेऊन गेला. मी नव्या चकतीवर मुद्दाम सत्त्व पसरलं, वर रंग चाळला. भट्टीतून छान बाहेर आली. मग निवताना आवाज आला, टिच्. अर्धा रंग पापुद्र्यासारखा उडून ताटलीत पडला.

सासूबाई दाराशी होत्या. त्यांनी मखमलीची डबी फ्रिजवर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. "हे राहू दे हाताशी. वाईट वाटून घेऊ नको."

"नाही वाटत," मी म्हणाले, आणि खरंच वाटत नव्हतं. तो पापुद्रा मी उलटा करून पाहत होते. काचेला तांबं सापडलंच नव्हतं, मध्ये सगळी राखच. चूक नागलीची नव्हती, माझ्या क्रमाची होती. आधी काच बसायला हवी, मग नागली, मग रंग. आणि नागली थरासारखी नाही, मीठ भुरभुरतो तशी.

शनिवारी मनवा जेवून झोळीत गेली. मी चकत्यांवर आधी बिनरंगाची काच वितळवून घेतली, मागून आणि पुढून. खालचं तांबं मधासारखं चमकायला लागलं. त्यावर चिमटीनं नागली, वर रंग. पुन्हा भट्टीत. घरभर भाकरीचा वास सुटला. यावेळी कुणी हाक मारली नाही.

पेंडंट निवलं. कानातले निवले. मी कान देऊन बसले होते. टिच् झालं नाही. खड्डे होते, पण आता प्रत्येकाच्या तळाशी काच होती आणि काचेखाली तांबं, झाकलेलं आणि तरी दिसणारं. बोट फिरवलं तर कुठे टोचत नव्हतं.

फक्त डाव्या कानातल्यावर नागली जास्त पडली होती. उजवा शांत, डावा ठिपक्याठिपक्यांचा. पुन्हा करू का, असा विचार येतोय तोच झोळी हलली आणि आतून एक पाय बाहेर आला. मी भट्टी बंद केली. झोपेतून उठलेल्या मनवाच्या गालावर झोळीच्या कापडाचे वळ उठले होते, एकाच गालावर. मी तिथेच पापा घेतला आणि कानातले वेदिकाला देऊन टाकले.

रविवारी हॉलमध्ये मुलाच्या आत्यांनी वेदिकाची हनुवटी धरून मान वळवली. आधी डावा कान पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. माझ्या कडेवर मनवा होती आणि तिला मी जरा जास्तच घट्ट धरलं होतं.

"अगं बाई, साडीचाच रंग की! कुठून घेतलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. "घेतलं नाय. घरी भाजलंय, नागली घालून. आमच्या सुनेची भट्टी हाय बाल्कनीत."

आत्यांनी डावा कान पुन्हा धरून पाहिला. मखमलीची डबी घरी फ्रिजवरच होती.

सोमवारी दुपारी मनवा झोपल्यावर मी बाल्कनीत गेले. भट्टीशेजारी एक वाटी होती, ताजं चाळलेलं सत्त्व भरलेली. वाटीच्या काठाखाली लाल दोरा बांधला होता, गाठ घट्ट.

मागून सासूबाई कुजबुजल्या, झोळी हलू नये म्हणून. "दोरावाली भट्टीची. पोरीची वेगळी हाय. परत घोळ नको."

"आणि वॉशिंग मशीन, आई?"

त्यांनी जाळीचं दार हळूच ओढून घेतलं आणि जाळीपलीकडून म्हणाल्या, "कडी लाव वरची."