आठव्या फलाटाची गाडी

"काल अर्ध्या गाडीचे प्रवासी आठव्या फलाटावर जाऊन उभे राहिले, मादाम गिलेन," लाम्बिओतबाई म्हणाल्या. त्या स्टेशनच्या साहेब. "आठव्यावर रूळच नाहीत. झुडपं आहेत."

गिलेन बेसिन पुसत होती. "गाडी चुकली का त्यांची?"

"चुकणारच. तुमच्या यजमानांची कृपा."

सेंट-लोप स्टेशनातलं स्वच्छतागृह गिलेनकडे होतं. दाराशी टेबल, टेबलावर बशी, बशीत येणाऱ्याजाणाऱ्याचं नाणं. नवरा, फिरमां, त्याच स्टेशनात जन्मभर गाड्या पुकारायचा. हल्ली तो जेवल्याचं विसरे, मुलीचं नाव विसरे. गाड्या विसरला नव्हता. त्यांतल्या कित्येक बंद झाल्यात एवढंच विसरला होता. घरी ठेवला तर तो स्टेशन शोधायला निघे, आणि एकदा सापडला तो रुळांवर. म्हणून गिलेन त्याला रोज बरोबर आणून प्रतीक्षालयात बसवायची.

सेंट-लोपला एके काळी काचेचं छत होतं आणि उपाहारगृहात ऑयस्टर मिळत. मग खाणी मिटल्या, त्यांच्यामागून काचकारखाने. छत धोकादायक ठरलं, तिकीटखिडक्यांच्या जागी यंत्र आलं, आणि गाड्या राजधानीतली एक रेकॉर्ड केलेली बाई पुकारू लागली. न आलेली गाडीही ती आली म्हणून सांगे, त्यामुळे तिचं कोणी मनावर घेत नसे. पण काल फिरमांने उठून आपल्या स्वच्छ आवाजात "कोलोन एक्सप्रेस, फलाट आठ" म्हटलं, आणि लोक बॅगा उचलून निघाले. त्यांत कोलोनला जाणारं कोणीही नव्हतं.

"लोकांना कळायला नको?" लाम्बिओतबाई म्हणाल्या.

"त्याने सांगितलं म्हटल्यावर जाणारच ना," गिलेन म्हणाली.

"सोमवारपासून प्रतीक्षालयाला कुलूप. वरून आलंय. एकट्या त्यांच्यासाठी हीटर चालतोय तिथं."

"मग त्याला ठेवू कुठं?"

"अशा म्हाताऱ्यांसाठी डे-सेंटर असतात, मादाम. छान असतात."

"नेला होता. दुपारपर्यंत गाडीची चौकशी करत होता, मग रडला."

लाम्बिओतबाईंकडे अशी आणखी चार स्टेशनं होती. त्यांनी घड्याळ पाहिलं.

सोमवारी सकाळी फिरमां कुलपासमोर बराच वेळ उभा राहिला. त्याच्या काळात प्रतीक्षालयाला कुलूप लागायचं ते शेवटची गाडी गेल्यावरच.

"गेली म्हणायची," तो म्हणाला.

गिलेनने त्याला बशीशेजारी खुर्ची दिली. तो बसला. इतका शहाण्यासारखा बसला, की तिचा जीव घाबरा झाला.

जरा वेळाने म्हाताऱ्या मादाम देफ्रेन आतून आल्या. नामूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालेल्या. नाणं टाकत म्हणाल्या, "माझी गाडी कुठं लागलीय रे, फिरमां?"

"आता गाडी नाही, मादाम. उद्या या."

नामूरची गाडी समोर दोनवर उभी होती. बाईंनी गाडीकडे पाहिलं, फिरमांकडे पाहिलं, आणि घरचा रस्ता धरला.

गिलेन ओल्या फडक्यासकट बाहेर आली आणि हॉलच्या मधोमध उभी राहिली. पुकारण्याआधी तो घ्यायचा तसा श्वास तिने घेतला.

"नामूर. फलाट दोन."

मादाम देफ्रेन थांबल्या, वळल्या. बाकावरची आणखी दोघं उठली.

ती परत आली तेव्हा फिरमां मान तिरकी करून ऐकत होता.

"नवीन बाई आहे का?" त्याने तिलाच विचारलं.

"हो."

"आवाज बरा आहे. घाई करू नको म्हणावं तिला."

"सांगते," गिलेन म्हणाली.