धुतलेल्या पायांचे पाणी

मित्रांनो, मी एक जुने पितळी तसराळे आहे. रुंद तोंडाचे, उथळ, दोन्ही बाजूंना कड्या असलेले. एरवी माझा मुक्काम चर्चमधल्या काचेच्या कपाटात असतो आणि त्या कपाटाला कुलूप असते. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, काय थाट आहे! थाट आहे खरा. पण कामाच्या भांड्याला थाट म्हणजे शिक्षाच असते, हे मी अनुभवाने सांगते.

एका तांबटाने मला घडवले. त्याने इतके ठोके घातले की त्याच्या हातोडीचे वण अजून माझ्या अंगावर आहेत. त्याच्याकडून एका तरुण बाईने मला विकत घेतले. ती दवाखान्याच्या धुलाईखोलीत कामाला होती आणि तिचा नवरा वीटभट्टीवर. तो संध्याकाळी घरी आला की ती माझ्यात कोमट पाणी ओतायची. त्याने पाय बुडवले की विटांच्या धुळीने पाणी लालभडक व्हायचे. तिच्या मुलाची पहिली आंघोळ माझ्यातच झाली. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या पाठीच्या जखमा ह्या बाईने माझ्यातल्या पाण्यानेच धुतल्या. पाणी फार कढत नाही ना, हे ती आधी कोपर बुडवून बघायची. धुता धुता ओठांतल्या ओठांत प्रार्थना चालायची. पण आपण काही पुण्याचे काम करतो आहोत, असे तिच्या तोंडावर कधी दिसले नाही. कपडे पिळून वाळत घालावेत, तितक्या सहज ती पाय धुवायची. तेच माझे सुखाचे दिवस होते.

पुढे चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी सुरू झाला. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मरणाच्या आदल्या संध्याकाळी प्रभू येशूने कमरेला रुमाल गुंडाळला आणि आपल्या बारा शिष्यांचे मळलेले पाय स्वतःच्या हातांनी धुतले. तुम्हीही एकमेकांसाठी असेच करा, असे त्याने त्यांना सांगितले. त्याची आठवण म्हणून वर्षातून एका गुरुवारी बारा जणांचे पाय धुवायचे ठरले. त्यासाठी भांडे हवे होते. बाईने मला देऊन टाकले.

"चांगल्या कामाला जातंय," ती म्हणाली. तिला बिचारीला काय कल्पना!

वर्षे गेली. नवरा वारला, बाई म्हातारी झाली आणि तिचा मुलगा चर्चच्या मंडळीचा कारभारी झाला. पाळकसाहेबांची कंबर धरलेली असायची, त्यामुळे वाकायचे काम कारभाऱ्याकडे आले. त्याने ते मनापासून केले, हे मला कबूल करायलाच हवे. पण मित्रांनो, ते बारा जण कसे यायचे माहीत आहे? सगळे घरून पाय धुऊन यायचे! कुणी टाचा घासून, कुणी नखे कापून, कुणी मलम चोळून. एक काका तर नवे कोरे मोजे घालून आले होते. इतरांसमोर घाण पाय कसे काढायचे, ही लाज. बारा जणांचे पाय धुऊन झाले तरी माझ्यातले पाणी पिण्याजोगे राहायचे. मळलेले पाय मी चर्चमध्ये एकदाही पाहिले नाहीत.

गुरुवारच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे काही दिवस मात्र मी कारभाऱ्याच्या घरी असते. त्याची बायको मला राखेने आणि लिंबाने घासते आणि मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवते. त्याच खोलीत म्हातारीची खाट आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या टाचेला जखम झाली. साखरेचा आजार, त्यामुळे ती भरेना. तिचा हात पायापर्यंत पोचत नव्हता. सून कारखान्यातून दमून यायची आणि घाईघाईने फडके बदलायची.

"अहो, तुमची आई आहे. एकदा तरी तुम्ही बघा ना," सून म्हणाली.

"बघतो गं. एवढा गुरुवार होऊ दे. माझ्यामागे काय कमी व्याप आहेत?"

मग म्हातारीनेच हाक मारली. "बाळा, ते तसराळं घे खाली. थोडं कोमट पाणी कर आणि पाय धू माझा. फार ठणकतोय रे."

कारभारी दारातच थांबला. जखमेचा वास येत होता. "आई, ते आता देवाचं भांडं आहे. परवा त्यात लोकांचे पाय धुवायचेत. त्यात जखमेचं पाणी कसं घालू?"

"मग बादली घे."

"घेतो. उद्या नक्की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. गुरुवारी त्याने बारा जणांचे स्वच्छ पाय धुतले. त्याने अशी प्रार्थना केली की लोकांचे डोळे पाणावले. शुक्रवारी सकाळी नर्सबाई आली. तिने फडके सोडले आणि पाय उजेडाकडे वळवून बघितला.

"रोज नीट धुतलं असतं तर एवढं वाढलं नसतं," ती म्हणाली. "आता पाय वाचेल असं मला नाही वाटत."

पाय गेला. कारभारी खूप रडला. ते रडणे खोटे नव्हते, पण त्याने पाय परत येत नाही.

पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी बारा जणांत म्हातारीचे नाव घेतले. तिला चाकांच्या खुर्चीवरून आणले. मुलगा आईच्या एका पायापुढे गुडघे टेकून बसला, तेव्हा चर्चमध्ये हुंदके ऐकू आले. म्हातारी खाली वाकली. ती काय बोलली, ते मी आणि तिच्या मुलानेच ऐकले.

"अरे, हा चांगला आहे. धुवायचा होता तो गेला."

त्याचा हात थांबला. मग पेटीवर गीत सुरू झाले, सगळे बघत होते, म्हणून त्याने पाणी ओतले. गेल्या वर्षीही तो विधी पार पडला. पालथ्या घड्यावर पाणी!

मित्रांनो, आज मी पुन्हा त्या फळीवर आहे, घासूनपुसून लख्ख. म्हातारीच्या डाव्या टाचेला चीर पडली आहे. अजून लहान आहे, कोमट पाण्याने भागेल. सुनेचे लक्ष गेलेले नाही. कारभारी पुढच्या खोलीत गुरुवारचे वाचन मोठ्याने घोकतो आहे. म्हातारी जागी आहे, पण ह्या वेळी तिने कुणालाही हाक मारलेली नाही. मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कुणी ह्या घरावरून जात असाल तर आत या आणि मला खाली घ्या. मी मळले तरी चालेल.