गुणाबाईच्या फोनापुरती वाट

घरच्याचं नाव सांगून कोणी चावी मागितली आणि गुणाबाईनं दिली नाही, असं कोसमटोल्यात चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. गावाची रीतच तशी. माणसं जंगलात गेली की दाराला कुलूप लावायचं, चावी शेजारणीच्या देवळीत ठेवायची, आणि घरच्यानं ज्याला पाठवलं त्याच्या हातात ती द्यायची. उलटून विचारणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं.

म्हणून चैत्रातल्या त्या दुपारी जंगलातला माल घेणाऱ्या गोदामवाल्या प्रफुलनं अंगणात मोटरसायकल लावली आणि म्हणाला, "बाई, दिव्यानीताईचा फोन आला होता. थे पेटीची लाल चावी मांगून राह्यली, काम अडलं म्हणते," तेव्हा गुणाबाईनं आधी त्याला गडवाभर पाणी दिलं. मग आत जाऊन तांदळाच्या कोठीवरच्या डब्यातून बोटाएवढा लाल पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. वर सुनेचा उद्धारही केला. "शिकली लई, पण निघताना वस्तू घ्यायची आठवण नाई. घेऊन जा बापा."

तासाभरात तो परत आला. "झालं काम," म्हणाला, चावी देऊन गेला. गुणाबाईनं ती पदरानं पुसून पुन्हा डब्यात ठेवली.

दिव्यानी गडचिरोलीहून संध्याकाळच्या बसनं उतरली तेव्हा अंगणात पाय ठेवण्याआधीच तिला बोलणी बसली. "काऊन वो, चावी घरी विसरतं आन् लोकाईले पाठवतं? मी होती म्हणून भागलं तुझं."

"कोणाले पाठवलं मी?"

"प्रफुलले नाई का?"

दिव्यानी ओट्यावर बसली ती खांद्यावरची पिशवी न काढताच. ओरडली नाही, कपाळ बडवून घेतलं नाही. गुणाबाईला ते जास्त लागलं. ओरडणाऱ्या माणसाला ओरडून उत्तर देता येतं. गप्प बसलेल्या सुनेला काय द्यायचं?

"आत्याबाई," ती शेवटी म्हणाली, "मी त्याले फोन केलाच नाई."

ती पेटी म्हणजे बायकांच्या गटाच्या खोलीत सौरदिव्याच्या बॅटरीवर चालणारा एक लहानसा संगणक. सर्व्हर म्हणतात त्याला. तीन गावांच्या चाळीस बायका चारोळीच्या झाडाखाली उभ्या राहून फोनवर बोट दाबत, आणि त्या झाडाची जागा पेटीत जाऊन बसे. कुठलं झाड कधी पिकेल, कोणी कधी जायचं, ते सगळं तिथे. फोनात बोलून पाठवलेले निरोपही तिच्यातूनच जात. बाहेरच्याला ते कळलं तर पुढचं सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी अशीच माणसं येऊन कच्ची चारं, म्हणजे चारोळीची फळं, फांद्यांसकट तोडून नेली होती, ती झाडं अजून थोटी उभी होती. त्यांच्याखाली जाऊन गुणाबाई रडली होती. हे कोणाला माहीत नव्हतं आणि होऊही नये अशी तिची इच्छा होती.

आणि गावात नेट यायचं ते प्रफुलच्या गोदामावरच्या डिशच्या छत्रीतून. दुसरी सोय नव्हती. चाळीस बायकांच्या फोनातून पेटीकडे जे जाई, ते त्याच्या यंत्रातून जाई.

"तो सगळं साठवून ठेवत असंल," दिव्यानी म्हणाली. "आतापर्यंत त्याले त्याच्यातलं अक्षर उमगत नव्हतं. म्हणून तर चावी पायजे झाली."

दोनशे झाडं. तिच्या सासूनं दाखवलेली, तिनं चाळीस बायकांना दाखवलेली. "म्हणजे मीच उघडून देल्लं का सगळं?"

"थांबा. मले पाहू द्या."

दिव्यानी लॅपटॉप उघडून बसली. गुणाबाईला त्यातलं वाचता येत नव्हतं. ती सुनेचा चेहरा वाचत बसली. भिवया जवळ आल्या, मग सुटल्या. मग पोरगी हसलीच.

"आत्याबाई, तुम्हीच वाचवलं वो. कार्तिकात मी ही पेटी लावत होती, तेव्हा तुम्ही मले खुणेचं सांगितलं होतं. आठवते?"

न आठवायला काय झालं? चारोळीच्या दिवसांत बायका दोन टोळ्या करून दोन बाजूंनी जंगलात शिरत. पहाटे शिवेवरच्या मोहाखाली दोन्ही टोळ्यांच्या म्होरक्या भेटत. एक आपल्या मनानं पान निवडी, दुसरी आपल्या मनानं गाठ. दोघींचं मिळून त्या दिवसाची खूण होई. सागाचं पान, उलटी गाठ. दुसऱ्या दिवशी पळसाचं, दुहेरी. वाटेवर तीच खूण बांधत जायचं, आणि परतताना शेवटच्या बाईनं एकूण एक गाठ सोडून पानं नाल्यात टाकायची. मागाहून कोणी खूण शिकून आला तरी त्याला रिकाम्या फांद्या सापडाव्या. गाठ सोडायला विसरलेल्या बाईशी गुणाबाई आठ दिवस बोलत नसे. तिच्या न बोलण्यापेक्षा तिनं बोललेलं परवडलं, असं बायका म्हणत.

"मी पेटीले तेच शिकवलं," दिव्यानी सांगू लागली. "कोणाचा फोन पेटीशी बोलायले आला, का फोन आपला एक अर्धा आणते, पेटी आपला एक अर्धा आणते. दोन्हीची मिळून तेवढ्या बोलण्यापुरती एक चावी बनते. बोलणं सरलं का दोघंही ते फेकून देतात. उरतच नाई कुठी. प्रफुलनं महिनोन् महिने साठवलं असंल, पण त्याचं कुलूप उघडणारी चावी आता कोणाजवळच नाई. माझ्याजवळही नाई."

"मंग हे लाल कशाची?"

"ते ओळखीची. पेटी आपलीच आहे, कोण्या तोतयाची नाई, एवढं फोनले पटवायची. आता थे त्याच्या हाती गेली, म्हणजे उद्यापासून तो तोतया बनू शकते. म्हणून मी आताच ते बाद करून नवी बनवते. पण मागचं जे गेलं, ते गेलं. त्याले नाई भेटत."

"देवा!" गुणाबाईनं कान पकडले. मग लगेच मान ताठ झाली. "म्हणजे माझंच डोकं त्या डबड्यात घातलं तू. कॉलेजात काय शिकलीस मंग?"

दिव्यानी हसत हसत खाली खाली वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. हसू गेलं. "आत्याबाई, एक राह्यलं. तुमचा फोन."

गुणाबाईचा फोन धाकट्या अजयनं, म्हणजे दिव्यानीच्या नवऱ्यानं, घुग्घुसच्या खाणीवर लागला तेव्हा पहिल्या कमाईतून आणलेला. काच तडकलेली, पाठीला चिकटपट्टी. दिव्यानीनं पेटी लावली तेव्हा सगळ्यांचे फोन लागले, तेवढा लागेना. इतकं जुनं यंत्र, त्याला दर वेळच्या नव्या चावीची रीत येत नव्हती. नवा घेऊ म्हटलं तर गुणाबाईनं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. "माझ्या लेकाचा फोन तुझ्या पेटीले चालत नसंल, तर पेटी नेऊन टाक नाल्यात!" शेवटी दिव्यानीनं त्या एका फोनापुरती जुनी वाट उघडी ठेवली. त्या वाटेवर दर वेळी नवी चावी नव्हती. सगळं त्या लाल चावीच्याच भरवशावर होतं.

"म्हणजे माझं बोलणं त्याले ऐकू येते?"

"मागचं सगळं. आत्याबाई, तुम्ही झाडं किती टाकली त्याच्यातून?"

"एकही नाई. मले कशाले लागते टाकायले? माझी झाडं माझ्या डोक्यात आहेत."

"मंग काय टाकलं?"

गुणाबाई उठली. चूल बघायला म्हणून आत गेली, चूल पेटलेलीच नव्हती. बाहेर आली, अंगण झाडू लागली. झाडलेलं अंगण.

"आत्याबाई."

"बुधरीशी बोलत होती मी. बहीण आहे माझी, एटापल्लीकडं एकटी राहते. तिले बोलू नाई का?"

"बोला ना. पण त्याच्यात कोण्या झाडाचं नाव निघालं का, ते पाहावं लागंल. मले ऐकावं लागंल सगळं."

त्यापेक्षा प्रफुलनं कोठीतले तांदूळ नेले असते तर चाललं असतं. गुणाबाईनं झाडू टाकला. दोनशे झाडं वाचली होती. एखादं उरलं असेल तर ते कुठलं, हे कळल्याशिवाय सुटका नव्हती. तिनं फोन काढून सुनेच्या मांडीवर टाकला आणि पाठ करून बसली. "ऐक. पण एक शब्द बोलली तर पाहा."

तेवीस निरोप होते. पहिल्यात भात करपल्याचं होतं. दुसऱ्यातही भात करपल्याचं. तिसऱ्यात गुणाबाईचाच आवाज खाकरून म्हणाला, "बुधरे, हे पोरगी सैपाकात शून्य आहे, पण काल रेंजरसमोर कागद वाचून दाखवले ना, असे वाचले का थो खुर्चीवरून उठला. माझी छाती एवढी झाली." मग, "ताप आला होता मले. रात्रभर बसली उशाशी. सकाळी मी म्हटलं, चहात साखर कमी. काय करू, तोंडातून दुसरं निघतच नाई." मग, "अजय खाणीवर, हे इथी. आपल्या माणसाविना राहते अन् एक दिवस तोंड वाकडं करत नाई. मले जमलं नसतं, बुधरे."

दिव्यानी एक शब्द बोलली नाही. गुणाबाईची पाठ ओट्याच्या खांबासारखी ताठ होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आपण हे गोदामवाल्यालाही ऐकवलं या विचारानं तिला शरम वाटत होती, पण खरी शरम प्रफुलची नव्हती. मागे बसलेल्या पोरीची होती.

एकोणिसाव्या निरोपात झाड निघालं. "थे नाल्यापलीकडची चारोळी आठवते? दोन सागाच्या मधली, आपल्या मायनं दाखवलेली. लई लदली यंदा. कोणाले सांगितली नाई. दिव्यानीच्या नावानं राखली आहे, पयली तोड तिच्या हातानं."

फोन बंद झाला. मागून आवाज आला. "माझ्या नावानं?"

"एक शब्द नाई म्हटलं होतं."

"बरं." आणि मग, नाक ओढत, "भात दोनदाच करपला होता पण."

"चारदा. दोनदा मी सांगितलं नाई."

दिव्यानीनं नवी चावी रात्रीच बनवली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच लॅपटॉप गुणाबाईपुढे ठेवला. "ही ती ओळ. तुमच्या फोनापुरती. मी पुसत नाई, तुम्ही पुसा." गुणाबाईनं पडद्यावरच्या त्या बारीक अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं, सुनेनं दाखवलेलं बटण एकेक अक्षरावर दाबत नेलं आणि ओळ गेली. अजयच्या फोनाची चिकटपट्टी तिनं अंगठ्यानं नीट बसवली आणि तो देवाच्या फळीवर ठेवला. "आण आता तुझा नवा," म्हणाली.

मग ती कमरेला विळा खोचून नाल्यापलीकडे जाऊन बसली. चारं पिकायला आठ-दहा दिवस होते. बायका पाळीनं यायला तयार होत्या, पण पहाटेची पाळी तिनं कोणाला दिली नाही.

चौथ्या दिवशी पहाटे पाचोळा वाजला. प्रफुल होता, मागं दोन माणसं, खांद्यावर कुऱ्हाडी आणि रिकामी पोती. सरळ दोन सागांच्या मधे आले. इकडंतिकडं शोधावंही लागलं नाही.

"ये गा प्रफुलभाऊ," झाडाच्या बुंध्याशी बसलेली गुणाबाई म्हणाली. "पाणी पी. गडवा इथीच आहे."

प्रफुल जागच्या जागी थिजला. "बाई, आमी... लाकडं पाहायले आलो होतो."

"दोनशे झाडं आहेत जंगलात. त्यातल्या एकाही झाडाखाली तुझा पाय पडला नाई. मी रोज विचारते बायकांले. अन् इथी मात्र अचूक आला. कोणी सांगितलं तुले? मीच ना? बुधरीले सांगत होती, तू मधात कान लावून बसला."

मागच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं कुऱ्हाड खाली घेतली.

"अन् ऐकलंच आहेस तर सांग बापा या दोघाईले, अजून काय ऐकलं. भात किती वेळा करपला? माझ्या सुनेनं रेंजरले कसं उठवलं? लाजू नको. घरात शिरून माणसाचं बोलणं चोरलं, आता त्याचं काय करतं? विकतं? कोण घेते सासूची बडबड पोत्यानं?"

तो मागं सरू लागला.

"आज संध्याकाळी ग्रामसभेत बसू. तू पण ये. तुझी छत्री राहते का जाते, ते तिथी ठरंल. अन् यापुढं माझ्या दारात चावी मांगायले आला, तर आधी दिव्यानीले फोन लावीन. गावाची रीत मी तुझ्यासाठी मोडली, हे डोक्यात ठेव."

तिघं गेले ते मागं न पाहता. पोत्यांतलं एक तिथंच पडलं. गुणाबाईनं ते घडी करून बुडाखाली घेतलं.

आठव्या दिवशी चारं पिकून काळी पडली. दिव्यानी झाडावर चढली. खालून सूचना काही थांबेनात. "तिकडली नाई, इकडली! फांदी नको वाकवू, मोडंल! तुले कोणी झाडावर चढवलं वो?"

"तुम्हीच!" वरून उत्तर आलं, आणि एक पिकलं चार थेट गुणाबाईच्या डोक्यावर पडलं.

परतताना वाटेवरच्या गाठी दिव्यानी सोडत चालली. गुणाबाईनं मागं वळून मोजलं, एक राहिली होती. ती काही बोलली नाही. चार पावलं मागं गेली, ते पळसाचं पान स्वतः सोडवलं आणि नाल्याच्या पाण्यात टाकलं. कमरेला खोचलेल्या नव्या फोनावर बोट दाबून ती बुधरीला म्हणाली, "ऐक वो, एक गाठ विसरली आज पोरगी. तरी मी आठ दिवस गप्प बसत नाई. हे तिले सांगू नको."

दिव्यानी दोन पावलं पुढं होती. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.